पाहिला, भिजवला

आमच्या सरांच्या अंगाला व्हिनेगरचा वास यायचा. खामगावच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचा जिना चढायला लागलं की दुसऱ्या पायरीवरच कळायचं, सर आलेत. अगदी चायनीजच्या गाडीपाशी उभं राहिल्यासारखा वास. पोरं त्यांना मागून 'आंबट सर' म्हणायची. एकदा कुणीतरी फळ्यावरच तसं लिहून ठेवलं. सरांनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि खाली खडूनं लिहिलं, 'हलकं ॲसिड आहे. कडक असतं तर काहीच उरलं नसतं.' मग हजेरी घ्यायला लागले. आम्ही खूप हसलो होतो. मी तर सगळ्यांत जास्त हसले होते, कारण तोवर मी त्यांच्या मागच्या खोलीत पाय ठेवला नव्हता.

मागच्या खोलीत भिंतीला लागून प्लॅस्टिकच्या बादल्या असायच्या. प्रत्येक बादलीत पाणी घालून पातळ केलेलं व्हिनेगरचं ॲसिड आणि त्यात एकच दगड. दगडाला सर गोटा म्हणत, आमच्याकडे घरी म्हणतात तसं. गोट्यातून सतत बारीक बुडबुडे येत राहायचे. तीन-चार आठवड्यांत गोटा विरघळून जायचा आणि तळाशी चमचाभर गाळ उरायचा. तो धुवायचा, वाळवायचा, आणि मायक्रोस्कोपखाली घेऊन ओल्या कुंचल्याच्या टोकानं एकेक कण उचलायचा. खसखशीएवढे तपकिरी कण. त्या कणांपायी सरांची पीएचडी दोनदा अर्धी राहिली, विभागप्रमुखपद धाकट्या माणसाकडे गेलं, आणि काकूंच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या, नशिबी एकही उन्हाळी सुट्टी धड आली नाही.

कारण सुट्टी लागली की सर मसुरीला जात. लोक मसुरीहून शाली आणतात, सर पोतं आणत. आमचा जिल्हा सगळा काळ्या लाव्ह्याचा. कुठेही खणा, तेच. सरांना हवा असलेला दगड त्याच्या कितीतरी आधीचा, पन्नास कोटी वर्षांच्याही पलीकडचा, समुद्राच्या तळाचा. तो तिकडे डोंगरात फॉस्फेटच्या जुन्या खाणींबाहेर नुसता पडलेला असतो म्हणे. एकदा जलंबला गाडी बदलताना हमालानं विचारलं, "काय हाये बाप्पा याच्यात? लय जड हाये." सर म्हणाले, "जनावरं हायेत." हमालानं पोतं तिथंच फलाटावर ठेवलं आणि निघून गेला. सर स्वतःच ते ओढत खामगावच्या गाडीपर्यंत घेऊन आले. हे सांगताना काकू पदर तोंडाला लावून हसायच्या आणि मग म्हणायच्या, "तवापासून कंबर गेली त्यायची."

जनावरं म्हणजे काय, ते सर दरवर्षी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला सांगत. अभ्यासक्रमात त्याला अर्धं पानसुद्धा नव्हतं. सर चार तास घेत.

"पाहा बे," ते म्हणत, "जगात पह्यल्यांदा ज्यायनं अंगावर चिलखत घातलं, त्यातले हे. त्याच्या आधी सगळे उघडे, नरम. याच्या अंगावर मात्र तीन तऱ्हेचे हजारो खवले, घरावर कौलं असतात तसे, रांगेनं. मेला की कौलं पांगली. एक अठी, एक तठी. मंग आपल्यासारखे शहाणे आले. त्यायनं एकेका खवल्याले वेगळं नाव देलं, वेगळं जनावर केलं. म्हणजे एका बाईचे दागिने चार शेतात सापडले, न लोकायनं चार बाया केल्या! मंग तिकडं ग्रीनलँडात एक आख्खा सापडला. गोगलगाईसारखा चपटा, अंगभर खवले, न पुढं एक शिंपला, मांगं एक शिंपला. तवा समजलं, हे सारं एकाचंच व्हय."

त्या आख्ख्याचं चित्र त्यांनी मायक्रोस्कोपच्या वर भिंतीला डकवलं होतं. पण त्याच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "हा त्यायचा. आपला कुठी हाये?"

आपला म्हणजे मसुरीच्या दगडातला. त्या दगडातून खवले निघत, पण सुटे. सुट्या खवल्यावरून हा प्राणी कुणाचा कोण, हे ठरत नाही. कुणी म्हणतं गोगलगाईचा, कुणी म्हणतं गांडुळाचा, कुणी आणखी तिसऱ्या शिंपल्यावाल्यांचा. सरांचं म्हणणं, खवल्यांच्या रांगा किती आणि कशा लागल्या आहेत, हे एकदा जागच्या जागी बघायला मिळालं तर नातं लागेल. तेवढंच त्यांना हवं होतं. नाव व्हावं, पेपर छापून यावा, असं काही त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. म्हणायचे, "एकदा पाह्यचा हाये मले. जसा होता तसा."

नात्यांच्या बाबतीत सर भलते काटेकोर. उत्तरपत्रिकेत कुणी 'पूर्वज' लिहिलं की लाल रेघ. "पूर्वज काऊन म्हणतो बे? तो तुया आजा हाये का? हे चुलत घर व्हय. भाऊबंद. बुडालेलं घर, मांगं दिवा लावाले कोणी राह्यलं नाही." हेच डोकं त्यांनी रोहिणखेडला, स्वतःच्या गावी, एका लग्नातही चालवलं. जेवणाच्या पंगतीत दोन माणसं एकमेकांकडे पाठ करून बसली होती, जुना बांधाचा तंटा. सरांनी लग्नपत्रिकेच्या मागे वंशावळ काढली आणि त्या दोघांना भर पंगतीत पटवून दिलं की तुम्ही दोघं एकमेकांचे जितके जवळचे आहात तितका तुमचा मेव्हणाही नाही. मेव्हणा शेजारीच बसला होता. पुढे त्या घराकडून सरांना कधी पत्रिका आली नाही. सर मात्र खूश. म्हणाले, "बोलले तर सही दोघं! माह्यावर चिडाले एक झाले."

मी त्यांच्या हाताखाली आले ती एम.एस्सी. झाल्यावर, तासिका तत्त्वावर शिकवायला लागले तेव्हा. त्यांनी मला मायक्रोस्कोपपुढे बसवलं, कुंचला हातात दिला. धाड या माझ्या गावी, आमच्या घरी, तूर निवडायचं काम लहानपणापासून माझ्याकडे. बाजाराच्या आदल्या दिवशी आई पाटी पुढे ठेवायची आणि मी बोलता बोलता निवडून टाकायची. तोच हात इथे चालला. तासाभरात चाळीसेक खवले वेगळे काढले. सर मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "हात चांगला हाये वं तुया. डोयाही चांगला हाये. घाई तेवढी लय हाये." मी लाडात येऊन म्हणाले, "घाई नाही सर, स्पीड आहे." ते हसले नाहीत.

त्यांचा एकच नियम होता: आधी पाहायचा, मग भिजवायचा. गोटा बादलीत जायच्या आधी एक आख्खा दिवस त्याला बघायचं. ओल्या फडक्यानं पुसायचा, भिंगाखाली धरायचा, एकेक बाजू, एकेक भेग. कुठे दोन-तीन खवले एकावर एक, रांगेत दिसले तर तो गोटा ॲसिडात घालायचा नाही, कारण आत आख्खा असू शकतो. नुसते विखुरलेले दिसले, तरच बादली. गोटा हातात घेऊन सर प्राचार्यांच्या मीटिंगला बसत. एसटीत बसत. शेजारचा माणूस हमखास विचारायचा, "लोणारचा व्हय का हो?" आणि सर तितक्याच हमखास म्हणायचे, "नाही, समुद्रातला." मग ओला रुमाल काढून पुन्हा पुसायला लागायचे.

दिवस संपला, काही दिसलं नाही, की ते गोटा बादलीत सोडत. सोडताना "जाय बाप्पा" म्हणत. मग वही काढत. एक लांबोडकी, काळ्या पुठ्ठ्याची वही. गोट्याचा नंबर, आणि पुढे दोनच शब्द: पाहिला. भिजवला. मी एकदा विचारलं, पाहिला असं दरवेळी लिहायचं काय कारण? पाहिल्याशिवाय तुम्ही थोडेच भिजवता?

"म्हूनच लिहितो," सर म्हणाले. "भिजवला की वापस नाही येत तो. आतमंदी आख्खा असला न आपण न पाहता टाकला, तर काय झालं? पन्नास कोटी वर्षं जसाच्या तसा राह्यला, न आपल्या बादलीत मेला. मले झोप याले पाह्यजे ना वं."

तीस वर्षांत त्यांना रांगेतले खवले एकदाही दिसले नाहीत. त्याचं त्यांना फार दुःख होतं असं नाही. "नसंल तर नसंल," म्हणायचे. "म्या पाह्यलं तर होतं."

आता मी जे सांगणार आहे ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

सर रिटायर झाले आणि चार महिन्यांत त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. बोलणं जड झालं, पण समजायचं. पोत्यात पाच गोटे उरले होते, शेवटचे. ते मागच्या खोलीतच होते. पुन्हा मसुरीला कोण जाणार होतं? मी आठवड्यातून एकदा त्यांच्या घरी जायची. खाटेवरून ते पहिला प्रश्न विचारत, "काय निघालं?" मी म्हणायची, लावते सर, लवकरच लावते. त्या वर्षी माझे तास अर्ध्यावर आणले होते, पुढच्या वर्षी ठेवतील का नाही ठाऊक नव्हतं, आणि त्यात प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं की कॉलेजात तपासणीची कमिटी येतेय, मागची खोली कॉम्प्युटरसाठी हवी आहे, ते भंगार आठवड्याभरात हलवा.

ॲसिडचा कॅन घरी नेता येत नव्हता. बादल्या फार तर मागच्या व्हरांड्यात सरकवता येणार होत्या. पाच गोटे होते, म्हणजे नियमानं पाच दिवस बघायचं. माझ्याकडे आठवडा होता. वेळ नव्हता असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलंय, पण वेळ होता. खरं सांगायचं तर मला कंटाळा आला होता. कोण बसणार भिंग घेऊन दिवसभर? तीस वर्षांत कुणाला काय दिसलंय? आणि मी काय यांची बिनपगारी नोकर आहे का, असंही मनात आलं. आलं, लपवू कशाला! एका दुपारी मी पाच बादल्या भरल्या आणि पाचही गोटे एकामागून एक टाकून दिले. ओल्या फडक्यानं पुसलेसुद्धा नाहीत. "जाय बाप्पा" म्हणायलाही विसरले. हात धुतले आणि पेपर तपासायला बसले.

चार बादल्यांतून नेहमीचंच निघालं. तुटके खवले, बारीक नळ्या, काहीबाही. पाचव्या बादलीचा गाळ वाळवून मायक्रोस्कोपखाली घेतला आणि मला आधी कळेचना. सगळे खवलेच होते. दुसरं काही नाहीच. चित्रातल्यासारखे तिन्ही प्रकारचे, शेकड्यांनी, न तुटलेले. डाव्या अंगाचे, तसेच उजव्या अंगाचे. आणि त्यांच्यात दोन शिंपले, नखाहून लहान. एक पुढचा, एक मागचा.

मी खुर्चीवरून उठले आणि पुन्हा बसले. एका कोपऱ्यात तीन खवले अजून एकमेकांना धरून होते, एकावर एक, कौलांसारखे. ॲसिडानं तेवढेच सोडवायचे राहिले होते. ती रांग गोट्याच्या बाहेरच्या बाजूवर नक्की दिसत असणार. ओलं फडकं फिरवलं असतं तर दिसली असती. दुपारी बाराच्या आत दिसली असती!

लपवायचं का? आला विचार. गाळ नाल्यात ओतला असता तर जगात कुणाला कळलं नसतं. पण ते मला जमलं नाही. मी डबी घेऊन सरांकडे गेले. त्यांना माझी चूक कबूल करायची, असंच ठरवून गेले होते. वाटेत वाक्यसुद्धा जुळवलं होतं.

काकूंनी त्यांना उशी लावून बसवलं. शिवणाच्या टेबलावर त्यांचा जुना मायक्रोस्कोप असायचा, तो खाटेला लावला. सर डाव्या हातानं फोकस फिरवत कितीतरी वेळ बघत राहिले. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, नुसता पाठीमागचा विरळ केसांचा भाग दिसत होता. मग आवाज आला, "दोन्ही शिंपले हायेत."

"हो सर."

"हा आख्खा होता."

"हो सर."

"आपला." असं म्हणून ते रडायला लागले. अर्धाच चेहरा रडत होता, दुसऱ्या अर्ध्याला रडताही येत नव्हतं. काकू धावत आल्या, "काऊन, काऊन रडून राह्यले?" सरांनी हातानंच त्यांना थांबवलं आणि पुन्हा डोळा लावला. आता त्यांना ते तीन खवले सापडले असणार, कारण फोकसवरचा हात एकदम थांबला.

मान वळवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना.

"भिजवाच्या आधी पाह्यला होता ना वं?"

आणि मी म्हणाले, "हो सर. दिवसभर पाहिला. बाहेरून काहीच दिसत नव्हतं."

कसं निघालं तोंडातून, मला आजही कळत नाही. समोर लकवा मारलेला म्हातारा, मला तो काय करणार होता? नोकरीवरून काढणार होता? पण त्यांनी मला 'घाई लय हाये' म्हटलं होतं, तेच ते पुन्हा म्हणतील, बस, तेवढीच भीती. तेवढ्यासाठी मी खोटं बोलले.

सरांनी मायक्रोस्कोप बाजूला सारला. डोळे भिंतीकडे. मग हळूच म्हणाले, "म्हणजे बाहेरून नाही दिसत."

मी डबीचं झाकण शोधायला लागले.

"मंग म्या किती मारले असतील वं?"

तेव्हा मला समजलं की मी काय करून बसले होते. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. माझा डोळा चांगला, हे त्यांनीच ठरवलेलं. मी दिवसभर पाहून काही दिसलं नाही, तर मग पाहण्याला काहीच अर्थ नव्हता. तीस वर्षं त्यांनी पाहून, 'जाय बाप्पा' म्हणून ज्यांना बादलीत सोडलं, त्यांतले किती आख्खे होते, कुणाला माहीत! आता मोजायलाही कुणी उरलं नव्हतं. ज्या एका गोष्टीवर तो माणूस झोपत होता ती मी काढून घेतली होती. बोलायची वेळ तीच होती. "सर, मी पाहिलाच नव्हता," एवढंच म्हणायचं होतं. मी डबीचं झाकण लावलं आणि चहा घेऊन निघाले. चहासुद्धा प्यायले मी, हे मला विसरता येत नाही.

त्यानंतर त्यांनी "काय निघालं" कधी विचारलं नाही. मी दर आठवड्याला आज सांगू म्हणून जायची आणि केळी ठेवून परत यायची. ते खिडकीकडे तोंड करून पडलेले असत. एकदा काकू दाराशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "पाह्य वं, आजकाल वही मांगून घेतात. डाव्या हातानं दिवसभर लिहीत राह्यतात काईबाई. डाक्टर म्हणे बरं हाये, हात चालून राह्यला." मलाही बरं वाटलं. वाटलं, मन लागलंय त्यांचं, आता कशाला जुनं उकरायचं. इतकी मी हलकट.

उन्हाळा लागायच्या आत सर गेले.

तेराव्या दिवसानंतर काकूंनी मला बोलावलं आणि काळ्या पुठ्ठ्याची वही माझ्या हातात दिली. "तुह्याशिवाय कोणाले समजते याच्यातलं? घेऊन जाय." त्यांना वाटत होतं त्यांनी मला फार मोठी ठेव दिलीय. धाडला घरी जायच्या एसटीत बसून मी ती उघडली. पहिल्या पानावर पहिला गोटा, सरांच्या तरुणपणीच्या वळणदार अक्षरात: पाहिला. भिजवला. त्यातल्या 'पाहिला'वर एक वाकडीतिकडी रेघ होती. खालच्या ओळीवरही होती. मी पान उलटलं. प्रत्येक ओळीवर होती. डाव्या हातानं, थरथरत, कुठे कागद फाटेपर्यंत दाबून, त्यांनी तीस वर्षांतला एकेक 'पाहिला' खोडला होता. 'भिजवला' तसाच ठेवला होता.

गाडी चिखलीच्या पुढे गेली तरी मी उलटतच होते. एकही सुटला नव्हता.

शेवटच्या पानावर एकच नोंद, तीही डाव्या हाताची. लहान पोराच्या अक्षरासारखी मोठी आणि फाकलेली. आख्खा गोटा, दोन शिंपले, असं वर लिहिलेलं आणि खाली माझं नाव. नावापुढे: 'हिनं पाहिला. भिजवला.'

त्या 'पाहिला'वर रेघ नाही. साऱ्या वहीत तेवढाच एक त्यांनी खरा म्हणून ठेवलाय.